कुमुद पॉइंट

माझी बायको मंगळवारी संध्याकाळी प्रेक्षणीय स्थळ झाली. सोमवारपर्यंत तसं काही लक्षण नव्हतं. सोमवारी तिने घावणे केले होते आणि चटणीत मीठ विसरली होती.

आमच्या आडबंदर गावात देवळामागून एक पाखाडी वर चढते. पायऱ्या संपल्या की सडा, म्हणजे जांभ्याचं मोकळं पठार, लागतो आणि सड्याच्या कडेकडेने दीपगृहापर्यंत जाते ती कड्याची वाट. उजव्या हाताला वाळलेलं सोनेरी गवत, डाव्या हाताला काहीच नाही. म्हणजे समुद्र आहे, पण तो बराच खाली, जांभ्याच्या लाल भिंतीवर डोकं आपटत असतो. मी जन्मभर वर्तमानपत्रात लोकांना चिमटे काढून पोट भरलं. मंत्री, महापौर, साहित्य संमेलनं, कोणालाही सोडलं नाही. या वाटेत मात्र मला आजवर एक खोड सापडलेली नाही. मी शोधली आहे. वळणं जिथे हवीत तिथे आहेत, करवंदाच्या जाळ्या कपडे फाडतात पण शिस्तीत, आणि समुद्र प्रत्येक वळणावर असा नव्याने पुढे येतो की जणू मागच्या वळणावरचा तो त्याचा धाकटा भाऊ होता.

निवृत्तीनंतर कुमुद आणि मी रोज तिन्हीसांजेला या वाटेने जायचो. मोठ्या घळीच्या पलीकडे एक खडक समुद्रात पुढे आलेला आहे, त्यावर कुमुद जाऊन उभी राहायची. वारा वळेपर्यंत. दिवसभर समुद्रावरून जमिनीकडे येणारा वारा दिवेलागणीला पडतो, सगळं थोडा वेळ श्वास धरून बसतं, आणि मग डोंगराकडून समुद्राकडे जाणारा मतलई सुटतो. तो मानेला लागला की कुमुद म्हणायची, "वारा वळला. चला." मग एका हाताने निऱ्या उचलून ती खडकावरून उतरायची आणि आम्ही घरी जाऊन चहा घ्यायचो. आमच्या संसाराचा याहून मोठा कार्यक्रम नव्हता आणि आम्हाला नको होता.

मंगळवारी घळीच्या अलीकडे एक टोपीवाला तरुण उभा होता. तो म्हणाला, "काकू, तशाच थांबा हं जरा. एकच."

कुमुद थांबली. फोटो काढताना हलायचं नाही हे तिच्या पिढीला लहानपणी देवीच्या लशीसारखं टोचलेलं आहे. आमच्या लग्नात फोटोग्राफर तिला "मान अशीच ठेवा" सांगून पंगतीला जाऊन बसला होता. तो मठ्ठा पिऊन परत आला तेव्हा तिची मान तशीच होती. त्याने "झालं" म्हटल्याशिवाय ती हलणार नव्हती.

टोपीवाल्याने "झालं" म्हणायच्या आत त्याच्यामागे एक जोडपं आलं. त्यांच्यामागे बँकेतल्या लोकांची सहल. "वा, काय दिसतंय," कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी मोबाईल वर धरले. वारा पडला, मग वळला. कुमुद काही बोलली नाही. अंधार पडायच्या सुमाराला ती स्थळ झालेली होती.

मी तिला आणायला घळ ओलांडून गेलो, तेव्हा मला स्थळाचा नियम कळला. जवळ जावं तसतशी ती मोठी होत होती. लांबून ती माझ्या बायकोएवढी होती, अबोली रंगाची साडी, पायात मुलीने पाठवलेले कॅनव्हासचे बूट. जवळ पोचलो तेव्हा बुटाची नाडी जहाजाच्या दोरखंडाएवढी होती आणि बुटाच्या टोकावर खेकडे चालत होते. निऱ्या म्हणजे जांभ्याच्या पायऱ्या, एकीखाली एक, आणि प्रत्येकीवर तेरडा फुललेला. मी घोट्यापर्यंत चढलो. तिथून वर पाहिलं तर हनुवटीपाशी ढग अडलेला होता. मी हाक मारली. उत्तर आलं ते लाटेसारखं, त्यात शब्द नव्हते.

परत घळीच्या अलीकडे आलो तेव्हा ती पुन्हा बायकोएवढी झाली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अहो, वर कशाला चढलात? रात्री गुडघा धरून बसाल."

"तुला न्यायला आलो होतो."

"येते ना. यांचं एवढं झालं की येते."

"यांचं होणार कधी?"

"मध्येच हलले तर बिचाऱ्यांचा फोटो खराब होईल. लांबून आलीत माणसं." मग ओठ न हलवता, "मटकी भिजत घातलीय. उपसून फडक्यात बांधा. विसराल."

मी घरी जाऊन मटकी उपसली आणि फडक्यात बांधून खुंटीला टांगली.

बुधवारी सकाळी सदानंद तांडेल पेढे घेऊन आले. ते आमच्या पायवाट समितीचे अध्यक्ष आहेत. वाटेवर सहा स्थळं आहेत आणि सहाही त्यांनी वाढवलेली आहेत.

"अभिनंदन, वामनराव. सातवं स्थळ तुमच्या घरातून निघालं."

"मला ते घरात परत हवंय," मी म्हणालो.

"असं काय बोलता? मी काल पाहिलं. साहेब, मानेची ती रेघ, आणि मागे सूर्य. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याकडे असं काही आहे हे आपल्यालाच माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"माझी बायको होती. समितीला कशाला कळवायचं?"

तांडेलांनी पेढा माझ्या तोंडात घातला. "रविवारी सकाळी उद्घाटन. फीत कापली की पक्कं."

"आणि नाही कापली तर?"

"कात्री आणून झालीय," ते म्हणाले.

पक्कं म्हणजे काय हे मला माहीत होतं. स्थळ क्रमांक चार आधी भिकू परबांचा रेडा होता. पावसानंतरच्या एका दुपारी तो कड्याच्या टोकावर इतका देखणा उभा राहिला की लोक बघतच राहिले, आणि तोही राहिला. फीत कापेपर्यंत भिकूने हाक मारली की तो एक पाय उचलायचा. फीत कापल्यावर तो रेड्यासारखा दिसणारा खडक आहे असं फलकावर लिहिलं गेलं. भिकू अजून संध्याकाळी गवताचा भारा घेऊन जातो.

"हाक मारली तर कान हलयता," भिकू सांगतो. "पण येणा नाय."

कुमुदची फीत कापायच्या आत तिला खाली उतरवायचं होतं. माझी धाकटी बहीण, घरात सगळ्यांची मालूआक्का, गुरुवारी पहिल्या एस.टी.ने आली. तिने घळीपलीकडे बघितलं, पदर डोळ्याला लावला आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "वहिनीला अख्ख्या जिल्ह्याची दृष्ट लागलीय. मीठ-मोहरी आहे का घरात?"

दृष्ट काढायची तर मूठ अंगावरून ओवाळायला हवी. लांबून ओवाळली तर पोचत नाही, आणि जवळून कुमुद एवढी होती की तिच्याभोवती फिरायला होडी लागली. आम्ही होडी घेतली. मधे घमेल्यात निखारे, पुढे मालूआक्का मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन, मागे मी वल्ह्यावर. कुमुदच्या पाठीमागची बाजू मी पहिल्यांदा अशी पाहिली. अंबाड्याखाली पाकोळ्यांची घरटी होती. कमरेच्या घळीतून एक झरा खाली समुद्रात पडत होता, आणि पदराचा काठ पाण्याला जिथे टेकला होता तिथे पाणी हिरवं, काचेसारखं झालं होतं. तळाचे मासे दिसत होते. मी वल्ही मारायची थांबवली.

"दादा, बघत काय बसलास?" मालूआक्का म्हणाली. "तूच दृष्ट लावशील."

पूर्ण फेरी मारून तिने मूठ निखाऱ्यांवर टाकली. मिरच्या तडतडल्या, काळ्या झाल्या, धूर आमच्या तोंडावर आला. कोणी खोकलं नाही. साधा ठसकासुद्धा लागला नाही.

"बघ," मालूआक्का हळू आवाजात म्हणाली. "केवढी लागली होती."

दृष्ट निघाली हे खरं. पण ती काढल्यावर काय होतं याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. कुमुदभोवतीचं धुकं गेलं. रंग उजळले. हनुवटीचा ढग उठून गेला आणि तिथे दोन समुद्रगरुड संथ गिरक्या घेऊ लागले. पायाशी डॉल्फिन आले. ती कालपेक्षा सुंदर दिसायला लागली आणि शुक्रवारी गर्दी दुप्पट झाली. मालूआक्काने स्वतःही चार फोटो काढले, मग शरमून पहिल्या एस.टी.ने गेली.

मी माझ्या जुन्या धंद्याकडे वळलो. पाखाडीच्या तोंडाशी उभा राहिलो आणि येणाऱ्यांना सांगू लागलो की वर काही नाही. ऊन आहे, पाणी मिळत नाही, स्थळ घोरतं, आणि चटणीत मीठ विसरतं.

"किती छान सांगतात काका," एक बाई म्हणाली आणि तिने माझं बोलणं मोबाईलवर उतरवून घेतलं. दुपारपर्यंत माझं वाक्य ऐकून पुण्याहून दोन बस निघाल्या होत्या.

त्या दिवशी घरी जाताना वाटेने मला घरी न्यायचं बंद केलं. पाखाडी उतरलो, देवळाला वळसा घातला, फाटक उघडलं आणि घळीच्या अलीकडच्या सड्यावर आलो. पुन्हा प्रयत्न केला. या वेळी स्वयंपाकघराचं दार उघडून सड्यावर आलो. हातात फाटकाची कडी राहिली होती. वाट आता छोटी झाली होती, पण एक वळणही वाया घालवलेलं नव्हतं. तिची कारागिरी मान्य करून मी तिथल्या दगडावर बसलो. दगड बसायला चांगला होता. समोर कुमुद होती.

"जेवलात का?" तिने विचारलं.

"पेढा खाल्ला."

"मटकीचं काय झालं?"

मटकीला मोड आले होते. ते फडक्यातून बाहेर पडून, ओट्यावरून, उंबऱ्यावरून बाहेर निघाले होते आणि पांढऱ्या दोऱ्यांसारखे वाटेच्या कडेने समुद्राकडे येत होते. मी तिला तेवढं सांगितलं नाही. "मोड चांगले आलेत," म्हणालो.

"इथून काय सुंदर दिसतं म्हणून सांगू," कुमुद म्हणाली. "पार दीपगृहापर्यंतचा किनारा. प्रत्येक खाचेत वेगळं पाणी आहे. आपण इतकी वर्षं अर्धंच बघत होतो." मग तिचा आवाज खाली गेला. "पण आता पुरे झालं हो. डाव्या पायाच्या बोटांना कालवं धरलीत. खांद्यावर गरुडांनी काटक्या आणून टाकल्यात. आणि चहा नाही."

"मग उतर."

"सगळे बघताहेत."

"बघू देत."

"बघत असताना कसं उतरू? तुम्ही तरी मान वळवा."

मी प्रयत्न केला. मान वळली नाही. लग्नात मी फोटोग्राफरबरोबर पंगतीला गेलो नव्हतो, तिच्याकडे बघत बसलो होतो, आणि ती सवय आता हाडात गेली होती.

"राहू दे," ती म्हणाली. "एक सांगून ठेवते. घसा लाटांसारखा व्हायला लागलाय. रविवारनंतर मी बोलले तरी तुम्हाला कळायचं नाही बहुतेक."

एवढ्यात भिकू परब गवताचा भारा घेऊन रेड्याकडे चालला होता. तो थांबला, भारा खाली ठेवला, कुमुदकडे बघितलं.

"तीट लावा तिका," तो म्हणाला. "लहान पोराक लावतत तशी. नजर तिटार अडाकता, मगे बाकीचा पोर मोकळा रवता."

"तू रेड्याला का नाही लावलीस?"

"रेड्याक खय लावू? तो सगळोच तीट," भिकू म्हणाला आणि भारा उचलून गेला.

दृष्टीच्या सामानाबरोबर मालूआक्काने घ्यायला लावलेली कुमुदची काजळाची डबी अजून माझ्या खिशात होती, ती घेऊन शनिवारी उजाडताच मी घळीपलीकडे गेलो. तिच्या गालापर्यंत पोचायला सकाळ गेली. पदराच्या चुणीतून वर, मंगळसूत्राच्या वाट्यांमधून, कानामागच्या उतारावरून. गाल म्हणजे उन्हाने तापलेला उभा कडा होता, गुळगुळीत, आणि त्यावर हसण्याची ती एक खळी, जिच्यात पावसाचं पाणी साठून कमळं आली होती. मी बोटावर काजळ घेतलं आणि टिकली लावली. मुंगीएवढी झाली. सगळी डबी संपवली. परत अलीकडे येऊन पाहिलं, तर गालावर काहीही नव्हतं.

लांबून तो गाल बोटाच्या पेराएवढाच होता. मी एक डोळा मिटून हात पुढे धरला, तर माझं बोट नेमकं गालावर येत होतं. फक्त पोचत नव्हतं.

"काय डोळा मारताय या वयात," कुमुद म्हणाली. "माणसं आहेत इथे."

शनिवारी दुपारी मी दगडावरून उठायला गेलो तेव्हा मांड्या उठल्या नाहीत. त्या फळ्या झाल्या होत्या, तीन-तीन, मधे पाणी जायला फट सोडलेल्या. काम उत्तम होतं. पाठ सरळ झाली होती, जी डॉक्टरांना वीस वर्षांत जमली नव्हती. एक म्हातारं जोडपं आलं आणि माझ्या मांडीवर बसलं.

"बरं झालं इथे बाक केलं," म्हातारा म्हणाला. "समोर नीट दिसतं."

"दिसतं ना?" मी म्हणालो.

"अप्रतिम," तो म्हणाला. त्याने डोळे पुसले आणि बायकोला थर्मासमधला चहा दिला. तो वास कुमुदला पोचतो की काय म्हणून मी वाऱ्याकडे पाहिलं, वारा समुद्रावरून येत होता, वास उलट मलाच लागला.

सूर्य कलल्यावर बाबल पेंटर आला. गावातले सगळे फलक तोच रंगवतो. एका हातात काळ्या रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश, कानावर विडी. तांडेलांनी त्याला संध्याकाळपर्यंत संपवायला सांगितलं होतं. उद्या फीत.

"पाठ पुढे करा वामनराव," तो म्हणाला. "तुमचा नाव घालूचा असा."

"कुठे घालतोस?"

"वरच्या फळयेर. बाक म्हटला की नाव होया." त्याने माझ्या खांद्यांच्या मधे खडूने रेघ मारली. गुदगुल्या झाल्या. "खाली काय लिहू? सौजन्याने की स्मरणार्थ?"

"तांडेल काय म्हणाले?"

"ते म्हणाले, तुमका विचार."

"अजून ठरलं नाही," मी म्हणालो.

"आणि नावाच्या आधी? श्री. की कै.?"

"तेही नाही."

"मगे जागा सोडतंय," बाबल म्हणाला आणि माझं आडनाव आधी घेतलं. ब्रश गार होता. आजगावकरमधला 'ग' त्याने फार सुंदर काढला. मला दिसला नाही, पण पाठीवरून कळला.

समोर सूर्य टेकला. आमच्या मागे माणसांच्या रांगा होत्या, सगळ्यांचे मोबाईल वर. समुद्र आधी तांब्याचा झाला, मग जांभळा. खडकाखालच्या गुहांमधून पाणी आत जाऊन परत येताना श्वासासारखा आवाज करत होतं. मोड सड्यावर पोचले होते आणि घळीच्या काठावरून खाली डोकावत होते. कुमुद त्या सगळ्याच्या मधोमध उभी होती, मान किंचित कललेली, फोटोग्राफर पंगतीला गेला होता तेव्हा होती तशीच. मी आयुष्यात याहून चांगलं काही पाहिलेलं नाही आणि पुढे पाहणार नाही हे मला तेव्हाच कळलं.

तिचे ओठ हलले. लाट आली. मला शब्द कळले नाहीत.

"बाबल," मी म्हणालो, "ब्रश वर धर."

"कित्याक?"

"माझ्या खांद्याच्या वर. डबा जवळ घे, भरपूर बुडव आणि तिच्याकडे टोक कर. तिच्या गालाकडे."

बाबल जुना माणूस. तो माझ्या पाठीमागे वाकला, एक डोळा मिटला आणि ब्रश माझ्या कानाजवळून पुढे धरला. आम्ही दोघांनी एकदमच पाहिलं, ब्रशचं टोक आणि गाल एका रेषेत होते. टोकावर काळा थेंब जमला. मसुराएवढा. बाळाच्या गालावर असतो तेवढा.

वारा पडला. गवत उभं राहिलं. गरुड हवेत जिथल्या तिथे थांबले. मागची माणसं श्वास धरून होती, त्यांना वाटलं सूर्यास्तासाठी.

मग माझ्या मानेला गार लागलं.

थेंब ब्रशवरून सुटला. तो खाली पडला नाही. घळीवरून, मोडांवरून, लाल कड्यांवरून तो सरळ समुद्राकडे निघाला, आहे तेवढाच, आणि सगळ्या नजरा एकेक करून त्याच्यामागे वळायला लागल्या. पलीकडे खडकावर कुमुदने आधी इकडे पाहिलं, मग तिकडे, आणि एका हाताने निऱ्या उचलल्या.

"वारा वळला," ती स्वच्छ म्हणाली. "चला."

मी उठायला गेलो.

"हलू नका," बाबल पेंटर म्हणाला. "रंग अजून ओलो असा."